आधी प्रॉप, मग इंजिन : मोठ्या आरसी विमानासाठी टर्बोप्रॉप कसं निवडावं

रिमोटने उडवायच्या (आरसी) विमानाला टर्बोप्रॉप, म्हणजे प्रोपेलर (प्रॉप) फिरवणारं छोटं जेट इंजिन, घ्यायचं मनात आलं की माणूस आधी इंजिनांचे तक्ते उघडून बसतो. किती किलोवॅट, किती वजन, किती पैसे. महिनाभर त्यात घालवून इंजिन घरी येतं आणि शेवटच्या आठवड्यात प्रश्न पडतो, की याला प्रॉप कुठला लावायचा? मीही हेच केलं होतं. चौथ्या उड्डाणाला विमान टेकायलाच तयार नव्हतं. थ्रॉटल तळाला, फ्लॅप (पंखांच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) पूर्ण खाली, आणि विमान गुडघाभर उंचीवरून तरंगत अख्खा रनवे ओलांडून पलीकडच्या गवतात गेलं. इंजिनात काही खोट नव्हती, प्रॉप चुकला होता. तेव्हापासून माझा हिशोब उलट्या दिशेने चालतो : विमानावरून प्रॉप आणि प्रॉपवरून इंजिन.

त्याआधी एक अप्रिय प्रश्न स्वतःला विचारून घ्या. टर्बोप्रॉप खरंच हवं आहे का? शंभर सीसीचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन सात किलोवॅटच्या आसपास ताकद देतं, तेही कितीतरी कमी पैशांत. चांगली इलेक्ट्रिक मोटरही तेवढीच ओढ देते आणि थ्रॉटलला क्षणात उत्तर देते. मॉडेलचं टर्बोप्रॉप मात्र रॉकेलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाच टक्के प्रॉपपर्यंत पोचवतं, बाकीची धुराड्यातून गरम हवा होऊन जाते. मग घ्यायचं कशाला? तो चढत जाणारा शिट्टीसारखा आवाज, थरथर नसलेलं नाक, पीसी-९ किंवा टर्बो पोर्टरसारख्या विमानाच्या निमुळत्या नाकात सिलिंडर बाहेर न डोकावता बसणारं इंजिन, आणि उड्डाणानंतर हाताला येणारा रॉकेलचा वास. ही कारणं मला पुरेशी वाटतात. 'जास्त ताकद मिळते' हे कारण असेल, तर पेट्रोल इंजिन घ्या.

दोन शाफ्ट, एकमेकांना न जोडलेले

निवडीचे सगळे नियम एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती नीट समजून घ्या. मॉडेलच्या टर्बोप्रॉपमध्ये साधारणपणे दोन वेगळे भाग असतात. पहिला गॅस जनरेटर, म्हणजे छोटं जेट इंजिनच. त्याचा कॉम्प्रेसर आणि टर्बाइन एकाच शाफ्टवर, लहान इंजिनांत मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतात. त्यातून निघणारा गरम वायू दुसऱ्या टर्बाइनवर आदळतो. ही दुसरी, मोकळी टर्बाइन गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि गिअरबॉक्स प्रॉपला. दोन शाफ्टमध्ये लोखंडी दुवा कुठेच नाही, दुवा फक्त हवेचा. खऱ्या विमानांतलं प्रसिद्ध पीटी-६ इंजिनही याच तत्त्वावर चालतं.

याचा परिणाम पेट्रोल इंजिनाची सवय असलेल्याला गोंधळात टाकतो. पेट्रोल इंजिनाला फार मोठा प्रॉप लावला तर ते कुरकुरतं, तापतं, फेरे घेत नाही. म्हणजे तक्रार करतं. टर्बोप्रॉपचा गॅस जनरेटर तक्रार करत नाही. प्रॉप मोठा असो की छोटा, तो आपल्या फेऱ्यांवर मजेत चालतो आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या) पडद्यावर एक्झॉस्टचं तापमानही फारसं हलत नाही. सोसावं लागतं ते गिअरबॉक्सला. प्रॉप मोठा असेल तर दातांवरचा पिळा (टॉर्क) वाढतो, प्रॉप छोटा असेल तर मोकळी टर्बाइन मर्यादेबाहेर फिरते. दोन्हींचं बिल काही महिन्यांनी येतं, एकदम येतं आणि मोठं येतं. प्रॉप न लावता इंजिन 'नुसतं चालवून बघणं' तर सपशेल निषिद्ध, कारण मोकळ्या टर्बाइनला अडवणारं मग काहीच उरत नाही.

पहिली पायरी : विमानाचे तीन आकडे

इंधनासकट वजन, पंखांचं क्षेत्रफळ आणि जमिनीपासून नाकाच्या मध्याची उंची. एवढे तीन आकडे कागदावर मांडा. पुढे मी एकच उदाहरण धरून चालतो : पीसी-९ चं एकास चार मॉडेल. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १०.१ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १६.३ चौरस मीटर आणि चार पात्यांचा प्रॉप २.४४ मीटर व्यासाचा. मॉडेलचा विस्तार त्यामुळे २.५ मीटर, क्षेत्रफळ साधारण १ चौरस मीटर आणि स्केलप्रमाणे प्रॉप ६१ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर २४ इंच. वजन धरू १८ किलो.

आता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो. किलोतल्या वजनाला क्षेत्रफळाने भागा, वर्गमूळ काढा आणि १३ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. फ्लॅप वर असताना साध्या पंखाला हा अंदाज चालतो. १८ चं वर्गमूळ ४.२४, म्हणून स्टॉल सुमारे ५५. अप्रोच, म्हणजे उतरायला येतानाचा वेग, त्याच्या १.३ पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हे दोन आकडे जवळ ठेवा, चौथ्या पायरीत लागतील.

दुसरी पायरी : व्यास

जमिनीवरच्या ओढीच्या दृष्टीने व्यास जितका मोठा तितका चांगला. तेवढ्याच ताकदीवर २४ ऐवजी २८ इंची प्रॉप फिरवला तर ओढ साधारण ११ टक्क्यांनी वाढते. पण दोन गोष्टी आड येतात.

एक म्हणजे जमीन. विमान आडवं ठेवा, पुढच्या चाकाचा पाय पूर्ण दाबा आणि मग पात्याचं टोक जमिनीपासून किती वर राहतं ते मोजा. पाय न दाबता घेतलेलं माप म्हणजे स्वतःची फसवणूक. गुळगुळीत रनवेवर पाच-सहा सेंटिमीटर ठीक, गवतावर त्याच्या दीडपट तरी हवं.

दुसरी गोष्ट पाचव्या घाताची. प्रॉपला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढते. २४ वरून २६ इंचांवर गेलात तर तेवढेच फेरे ठेवायला जवळजवळ दीडपट ताकद लागेल. ताकद तेवढीच असेल तर फेरे साधारण साडेबारा टक्क्यांनी उतरतात. पाच किलोवॅटचं इंजिन २४×१४ चा (व्यास २४ इंच, पिच १४ इंच; पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात स्क्रूसारखा जितका पुढे सरकेल ते अंतर) दोन पात्यांचा प्रॉप अंदाजे ६,२०० फेऱ्यांनी फिरवत असेल, तर २६×१४ तेच इंजिन ५,४०० च्या आसपास फिरवेल. ओढ पाचेक टक्क्यांनी वाढेल, पण गिअरबॉक्सवरचा पिळा ७.७ न्यूटन-मीटरवरून ८.८ वर जाईल. ग्लायडर ओढून नेणाऱ्या विमानाला ही अदलाबदल फायद्याची, पीसी-९ सारख्या ट्रेनरला नाही. आणि दोन्ही वेळी इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली प्रॉपची मर्यादा हाच शेवटचा शब्द.

उलट बाजूला २२ इंची लावला तर फेरे ७,१०० च्या पुढे जातात. गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टची कमाल मर्यादा त्याच पुस्तिकेत असते, आकडा तिच्या खाली हवा आणि चांगला ऐसपैस खाली हवा. हवेत प्रॉपवरचा भार हलका होऊन फेरे आणखी चढतात, डाइव्हमध्ये तर वारा स्वतःच प्रॉप फिरवू लागतो.

तिसरी पायरी : पिच

पिचचा वेग काढायचं सूत्र सोपं आहे. इंचातली पिच × मिनिटाचे फेरे × ०.००१५२४ = ताशी किलोमीटर. १४ इंच आणि ६,२०० फेरे म्हणजे ताशी १३२. आपल्या उदाहरणात हा आकडा स्टॉलच्या २.४ पट येतो. स्केल ट्रेनरला मी सव्वादोन ते पावणेतीन पट या पट्ट्यात राहतो. पोर्टरसारख्या मंद, ढोबळ विमानाला दोन पटही पुरे.

पिच व्यासाच्या ४५ ते ६० टक्के असावी. खऱ्या टर्बोप्रॉपच्या पात्यांचा कोन उड्डाणात बदलतो, आपला प्रॉप मात्र एकाच कोनात गोठलेला. ७० टक्क्यांच्या पुढे गेलात तर टेकऑफच्या सुरुवातीला पाती स्टॉल होऊन नुसती हवा घुसळतात. आवाज भरपूर, विमान मात्र रांगतं. मग माणूस म्हणतो, इंजिनात दम नाही.

चौथी पायरी : आयडल

इथे घाई करू नका. तक्त्यात कमाल ओढ ठळक अक्षरांत असते, पण विमान फुटतं ते आयडलवर, म्हणजे थ्रॉटल तळाला असतानाच्या मंद चालीवर.

टर्बोप्रॉपचं आयडल पेट्रोल इंजिनासारखं मवाळ नसतं. गॅस जनरेटर विझू नये म्हणून त्याला बराच वायू फेकत राहावं लागतं आणि तो वायू प्रॉप फिरवत राहतो. ओढ फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. ६,२०० फेऱ्यांना १८ किलो ओढ असेल तर २,००० फेऱ्यांना सुमारे १.९ किलो उरते आणि ३,००० ला ४ किलोंहून जास्त. डांबरी पट्टीवर १८ किलोचं विमान ढकलायला अर्धा किलो पुरतो. म्हणजे आयडलवर विमान उभं राहणार नाही, चालू लागेल. चाकांना ब्रेक हवेतच.

आता हवेतलं बघू. आयडलच्या फेऱ्यांचा पिच-वेग काढा आणि अप्रोचच्या वेगाशी ताडून पाहा. १४ पिच आणि २,००० फेरे म्हणजे ताशी ४३. अप्रोच ७२ चा. प्रॉप हवेपेक्षा मागे पडतो, थाळीसारखा आडवा येतो आणि विमानाला ब्रेक लावतो. हेच आयडल ३,२०० असेल तर पिच-वेग ६८, म्हणजे प्रॉप ना ओढतो ना अडवतो, आणि विमान ग्लायडरसारखं लांबत जातं. वर पिच १८ केली असती तर? आकडा ८८ वर गेला असता, म्हणजे अप्रोचलाही प्रॉप पुढेच ओढतोय. माझं विमान गवतात गेलं ते याच गणिताने. 'खऱ्यासारखा वेग हवा' म्हणून मी पिच वाढवली होती, आणि वेग मिळाला तो नको तिथे.

दुसऱ्या टोकाला गेलात तरी धोका आहे. पिच फार कमी आणि आयडल फार खाली असेल, तर थ्रॉटल मिटताच विमान दगडासारखं खाली येतं. घाबरून थ्रॉटल उघडावं तर गॅस जनरेटरला आयडलपासून पूर्ण फेऱ्यांवर यायला तीन ते सहा सेकंद लागतात. ताशी ७२ च्या वेगाने सहा सेकंदांत विमान १२० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आयडलचा पिच-वेग अप्रोचच्या ६० ते ८० टक्क्यांत बसेल असा प्रॉप शोधा. इंजिन निवडताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की अमुक प्रॉपवर आयडलला शाफ्टचे फेरे किती? कमाल ताकद सगळे सांगतात. हा आकडा तत्परतेने सांगणाऱ्याकडून घ्यायला हरकत नाही.

पाती किती?

दिसण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो, मलाही. पीसी-९ ला चार, पीसी-२१ आणि सुपर टुकानोला पाच, जुन्या टुकानोला तीन. स्केल मॉडेलवर दोन पात्यांचा प्रॉप बघवत नाही हे मान्य. पण पाती वाढली की व्यास उतरवावा लागतो. पात्याचा आकार आणि फेरे तेच धरले तर २४ इंची दोन पात्यांइतकीच ताकद तीन पात्यांचा २२ इंची, चार पात्यांचा २१ इंची आणि पाच पात्यांचा २० इंची प्रॉप घेतो. म्हणजे आपल्या पीसी-९ ला स्केलप्रमाणे चार पाती आणि २४ इंच दोन्ही हवं असेल, तर फेरे खाली येतील किंवा इंजिन मोठं लागेल. मी अशा वेळी २२ इंची, चार अरुंद पात्यांचा प्रॉप बघतो. दोन इंचांचा फरक कोणाच्या डोळ्यात भरत नाही. पाच पाती हवीच असतील तर प्रदर्शनासाठी वेगळा संच ठेवा आणि उडवताना तीनचा लावा. असं करणारे कमी नाहीत.

जर्मनीच्या रामोझरच्या व्हॅरिओप्रॉपसारख्या प्रॉपमध्ये जमिनीवर पात्यांचा कोन बदलता येतो. पहिल्या टर्बोप्रॉपला मी असाच घ्यायला सांगेन, कारण वर काढलेलं गणित कितीही नीट असलं तरी शेवटचा इंचभर प्रयोगातूनच ठरतो. कोन मोजायचा तो मध्यापासून टोकापर्यंतच्या तीन-चतुर्थांश अंतरावर. एक गंमत सांगतो : २४ इंची प्रॉपला या जागी अंशांतला कोन आणि इंचांतली पिच जवळजवळ सारखीच येते. १० अंश म्हणजे १० इंच, १४ अंश म्हणजे १४. दुसऱ्या व्यासाला ही सोय नाही. अशा प्रॉपच्या हबला (पाती धरणाऱ्या मधल्या भागाला) स्वतःची फेऱ्यांची मर्यादा असते, तीही वाचा. आणि सगळी पाती एकाच कोनात बसली पाहिजेत. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा थरथर म्हणून जाणवतो, मग तुम्ही उगाच बॅलन्सिंग करत बसता.

पात्यांसाठी मी कार्बनला पसंती देतो. वजन हलकं, त्यामुळे वळणांत नाकावर येणारा जायरोचा (फिरत्या वस्तूचा वळताना आडवा येणारा) जोर कमी आणि गिअरबॉक्सवर येणारे धक्केही कमी. लाकूड स्वस्त आहे, जमिनीला लागलं तर मोडतं आणि गिअरबॉक्स वाचवतं. हाही गुणच. मेझ्लिक, बिएला, फियाला या निर्मात्यांपैकी ज्यांचं तुमच्या मापात मिळेल ते चालेल. मात्र ऑर्डर देण्याआधी शाफ्ट कोणत्या दिशेने फिरतो ते तपासा. गिअरच्या रचनेनुसार काही इंजिनांत ही दिशा नेहमीच्या उलट असते, आणि चार पाती घरी आल्यावर हे लक्षात येणं फार जिव्हारी लागतं.

आता इंजिन

इथवर आल्यावर इंजिनाची निवड जवळजवळ आपोआप होते. प्रॉपची मापं, हवे असलेले फेरे आणि आयडल हातात आहे. पंधरा ते वीस किलोंच्या ट्रेनरला किलोमागे २५० ते ३०० वॅट भरपूर होतात. १८ किलोंना पाच किलोवॅट म्हणजे २७८. जमिनीवर ओढ वजनाच्या ७० टक्के मिळाली तरी स्केल उड्डाण झकास होतं. त्यापुढची ताकद फक्त टाकी लवकर रिकामी करते.

जेटकॅट, किंगटेक यांच्यासारख्या निर्मात्यांच्या पुस्तिका विकत घेण्याआधी उतरवून वाचा. त्यात प्रॉपची शिफारस, शाफ्टची कमाल मर्यादा, गिअरबॉक्सला वेगळं तेल लागतं की इंधनातूनच तेल मिळतं, आणि किती तासांनी इंजिन तपासणीला पाठवायचं, हे चार मुद्दे बघा. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. दुरुस्तीचं केंद्र परदेशात असेल तर एक बेअरिंग बदलायला अख्खा उड्डाणाचा मोसम जातो.

इंधन साधारणपणे रॉकेल किंवा जेट ए-१, त्यात पुस्तिकेप्रमाणे चार-पाच टक्के टर्बाइन तेल. पाच किलोवॅटच्या वर्गाला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला दीडशे ते अडीचशे मिलिलिटर लागतं. दहा मिनिटांच्या उड्डाणाला अडीच लिटरची टाकी, ती गुरुत्वमध्यावर, आणि तिच्यापुढे बुडबुडे अडवणारी छोटी टाकी. बुडबुडा आला की टर्बाइन विझते. दुसरी संधी मिळत नाही.

बहुतेक देशांत २५ किलोंच्या वर गेलात की परवानग्यांचं प्रकरण वेगळं होतं. इंजिन, ब्रेक, टाक्या, एक्झॉस्ट मिळून वजन कसं चढतं हे कळतही नाही, म्हणून सुरुवातीपासून वजनाची वही ठेवा.

बसवताना

एक्झॉस्टच्या नळ्या स्टेनलेसच्या, शक्य तितक्या आखूड आणि आतून रुंद. स्केल दिसावं म्हणून नळी चिमटलीत किंवा तीव्र वळवलीत, की मोकळ्या टर्बाइनच्या मागे दाब साठतो आणि ताकद जाते. या वायूचं तापमान काहीशे अंश असतं. नळीशेजारच्या फायबरला अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये हवेची फट द्या, नुसता चकचकीत कागद पुरत नाही. हवा आत येण्याच्या वाटेवर जाळी हवी. कॉम्प्रेसरने एक सुटा स्क्रू गिळला तर वरचे सगळे हिशोब व्यर्थ.

जमिनीवरची चाचणी

विमान मागून दोरीने पक्क्या खुंटीला बांधा, मध्ये वजनकाटा. प्रॉपच्या फिरण्याच्या प्रतलात कोणीही नको, तुम्हीही नाही. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचा. पावडरचा वापरलात तर आग विझेल, पण इंजिन भंगारात जाईल. आयडलला फिरणारा प्रॉप हळू दिसतो म्हणून कोणी त्याच्याजवळ हात नेऊ नये. सुरू होताना तर तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग अचानक उचलतो.

फेरे मोजायला प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर वापरत असाल, तर त्यात पात्यांची संख्या बरोबर भरा. दोनवर ठेवलेला टॅको तीन पात्यांच्या प्रॉपला दीडपट आकडा दाखवतो. खरे ६,२०० असताना ९,३०० वाचून मी एकदा पूर्ण दुपार नसलेला दोष शोधला आहे.

नोंदी तीनच : आयडलचे फेरे आणि ओढ, कमाल फेरे आणि ओढ, आयडलपासून पूर्ण ताकदीपर्यंतचे सेकंद. उन्हाळ्यात किंवा उंचावर नोंद घेताना एक फसवणूक होते. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, पण प्रॉपलाही ती कमीच लागते. म्हणून फेरे जवळजवळ तेच दिसतात, ओढ मात्र उतरलेली असते. १५०० मीटर उंचीवर हवा सुमारे १४ टक्के विरळ असते. विश्वास काट्यावर ठेवा, टॅकोवर नाही.

कोन बदलता येणारा प्रॉप असेल तर इथे एकेक अंशाने खेळा आणि दर वेळी तिन्ही नोंदी पुन्हा घ्या. कमाल फेरे शाफ्टच्या मर्यादेच्या ८५ ते ९० टक्क्यांवर आले की थांबा.

पहिली दोन उड्डाणं

पहिल्या उड्डाणात उंचावर जाऊन थ्रॉटल मिटा आणि विमान कसं बसतं ते बघा. नाक खाली घालून घसरतंय, की लांबत चाललंय? मग अप्रोचच्या वेगावर तेच पुन्हा. लँडिंगला थ्रॉटल पूर्ण मिटू नका, पंधरा-वीस टक्के ठेवून फ्लॅपने वेग मारा. गॅस जनरेटर जागा राहतो आणि गरज पडली तर उत्तर लवकर मिळतं. विमान लांबत असेल तर उतरून पिच एक इंच कमी करा, दगडासारखं पडत असेल तर एक इंच वाढवा. दुसरं उड्डाण त्यानंतर, इंजिन पूर्ण थंड होऊन ईसीयूने कूलिंग संपवल्यावर आणि प्रॉपचे बोल्ट पुन्हा आवळून.